गुरुवारी न्यायला येते

"आयकार्ड कुठंय?" हामाया आजोबांनी विचारलं.

दार जेमतेम वीतभर सरकवलेलं होतं. त्या फटीतून त्यांचा एक डोळा, अर्धी मिशी आणि टायची गाठ एवढंच दिसत होतं. चिझुरूनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मोबाइल आणि इंटरनेटच्या सवयींच्या सर्वेक्षणाचे कागद गेल्या आठवड्यात ज्या होरिताबाई ठेवून गेल्या, त्यांची ती मुलगी. गुरुवारी न्यायला येते, असं त्या सांगून गेल्या होत्या. आज गुरुवार. म्हणून त्यांच्याऐवजी ती आली आहे.

"ते कळलं. आयकार्ड?"

"माझ्याकडे नाहीये, आजोबा."

"मग नाही मिळायचं पाकीट. होरिताबाई मला बजावून गेल्यात. गळ्यात आयकार्ड नसेल, त्यावरचा फोटो तोंडाशी जुळत नसेल, तर द्यायचं नाही. तो माणूस मीच पाठवलाय म्हणाला तरी द्यायचं नाही, असं म्हणाल्या."

हे दारात उभं राहून सांगायचं असं चिझुरूनं ठरवलं नव्हतं. पण आता दुसरा इलाज नव्हता. आई रविवारी गेली, असं ती म्हणाली. संध्याकाळी आंघोळीला गेली आणि तिथंच गेली. काल सगळं आटोपलं.

दार सावकाश पूर्ण उघडलं. आजोबांच्या अंगात जाड लोकरी कोट होता, केस पाणी लावून चापून बसवलेले होते आणि खाली गुडघ्यात फुगलेली घरातली विजार. ते कमरेत वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. मग सरळ होऊन म्हणाले, "फार वाईट झालं. चांगली बाई होती." पुढं म्हणाले, "पण मग तर मुळीच देता येणार नाही. नियम त्यांनी घातलेला. मागे घ्यायचा तर त्यांनीच घ्यायला हवा होता. आता कोण घेणार मागे?"

रविवारपासून पहिल्यांदाच चिझुरूला हसू येता येता राहिलं.

आजोबांनी मान वळवून आतल्या घड्याळाकडे पाहिलं. "आता तू जा, पोरी. माझी भेटायला जायची वेळ झाली," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. म्हातारा माणूस, एवढा टाय बांधून निघालाय, बसथांब्यापर्यंत सोबत करावी म्हणून ती फाटकापाशी जरा घुटमळली. पण कुणीच बाहेर आलं नाही.

हिमी गावात त्या दिवशी ती जितक्या घरी गेली, तितक्या घरांनी तिला नाही म्हटलं. आईच्या पिशवीत गावाचा नकाशा होता आणि त्यावर पेन्सिलनं घरं गोल केलेली होती. मासळीबाजारामागच्या गल्लीत सलून चालवणाऱ्या बाईनं भरलेलं पाकीट हातात धरून लांबूनच दाखवलं आणि परत खणात ठेवलं. वर म्हणाली, तसंच दिलं तर तुझी आई दारात येऊन ओरडेल मला, की काय गं, सांगून गेले होते ना. कुणी पर्सिमन फळांची पिशवी दिली, कुणी कांद्याच्या पातीची जुडी, कुणी घाईघाईनं पांढऱ्या पाकिटात उदबत्तीपुरते पैसे घातले. देवळाच्या चढावर राहणाऱ्या जुळ्या मुलांच्या आईनं दोन्ही काखेत एकेक मूल घेऊन दार उघडलं. बातमी ऐकताच ती उंबऱ्यातच खाली बसली.

"त्यांनी मला विचारलं, फोन तुम्ही मुख्यतः कशासाठी वापरता," ती म्हणाली. "आणि मग थांबल्या हो. मी पटकन काहीतरी सांगून टाकणार होते, पण त्या इतक्या निवांत थांबल्या की मला खरंच विचार करावा लागला. ह्या दोघांच्या जन्मापासून मला कुणी काही विचारून असं थांबलेलं नव्हतं."

चिझुरू संध्याकाळी आईच्या घरी परतली तेव्हा पिशवी जड झाली होती आणि तिच्यात सर्वेक्षणाचा एकही कागद नव्हता. तिनं पर्सिमन देव्हाऱ्यापुढे, आईच्या अस्थींच्या पांढऱ्या पेटीशेजारी मांडले. एकाही घरानं आईचा शब्द मोडला नव्हता. ती आईची मुलगी असूनसुद्धा मोडला नव्हता.

हात्सुए होरिता तीस वर्षं लोकांच्या दारात उभी राहून प्रश्न विचारत आली होती. नवरा बोटीवर असायचा, नंतर तो आजारी पडला, नंतर नव्हताच. तोयामातल्या एका सर्वेक्षण कंपनीचं हे काम तिनं तात्पुरतं म्हणून धरलं ते सुटलंच नाही. सुरुवातीला साबण कोणता, सोया सॉस कोणता, टीव्ही किती वेळ. मग घरात टेलिफोन आहे का आणि तो कुठल्या खोलीत आहे. मग मोबाइल आहे का. आणि गेल्या काही वर्षांत फक्त मोबाइल आणि इंटरनेट. हे सगळं कोण वाचतं, त्याचं पुढं काय होतं, ते तिला ठाऊक नव्हतं आणि त्याची तिला खंतही नव्हती. कुणाचं नाव न घेता ती रविवारच्या फोनवर चिझुरूला गमती सांगायची. एका आजीला विचारलं, इंटरनेट वापरता का. आजी म्हणाल्या, छे, मी हातसुद्धा लावत नाही. आणि बोलता बोलता नातवाला मोबाइलवरून नाचणाऱ्या अस्वलाचं चित्र पाठवत होत्या. एका शाळकरी मुलीला विचारलं, दिवसातून किती तास फोन वापरतेस, तर ती म्हणाली, झोपेतले धरायचे का? एक मच्छीमार म्हणाला, मोबाइलचं सगळ्यांत चांगलं काय, तर समुद्रात रेंज नसते.

"मग तू आजींना सांगितलंस की नाही, की हेच इंटरनेट?" चिझुरूनं विचारलं होतं.

"मी कशाला सांगू? उत्तर त्यांचं, त्यांनी द्यायचं. मी फक्त प्रश्न वाचायचा."

तिची आणखी एक पद्धत होती. घंटी वाजवायच्या आधी ती कोट काढायची. बाहेरची धूळ दुसऱ्याच्या घरात जाऊ नये म्हणून तो उलटा, अस्तर वर येईल असा घडी करायची आणि हातावर घ्यायची. ऑफिसात, मोठ्या घरी सगळेच असं करतात. पण जिथं आत बोलावणार नाहीत हे ठरलेलंच आहे, नुसता दारावरच्या इंटरकॉममधून नकार येणार आहे, अशा दारातही, गारा पडत असल्या तरी, आई कोट काढून उभी राहायची. परत अंगात घालायची ती फाटकाबाहेर आल्यावर. शाळेत असताना चिझुरूला एकदा तिच्याबरोबर जावं लागलं होतं. दार उघडलंच नाही. आईनं बंद दारालाच वाकून नमस्कार केला आणि दोघी निघाल्या.

चिझुरूनं नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा कानाझावापासून हिमीपर्यंत सगळ्या नात्यात सल्ल्यांचा पाऊस पडला होता. मावशीनं तर फोनवर रडूनही घेतलं. आईनं चहा केला, समोर बसली आणि विचारलं, "तुला काय हवंय?" आणि थांबली. चहा पार गार होईपर्यंत थांबली. चष्म्याच्या दुकानातली नोकरी, स्टेशनजवळची छोटी खोली, पुढची इतकी बरी वर्षं, हे सगळं त्या थांबण्यातून निघालं होतं. तेव्हा तिला ते कळलं नव्हतं. आता जुळ्यांच्या आईमुळे कळलं, आणि ते सांगायला रविवारचा फोन उरला नव्हता.

शुक्रवारी कंपनीचे इनाबासाहेब आले. चाळिशीचे, खांदे पाडून बसणारे. त्यांनी इकडच्या रीतीप्रमाणे उदबत्ती मोडून आडवी ठेवली, हात जोडले, मग चिझुरूकडे वळून म्हणाले की कागदांची काळजी करू नका. अशा वेळी ते कागद आम्ही 'माघारी आले नाहीत' असं धरतो. होरिताबाईंकडे कुणी बोट दाखवणार नाही.

चिझुरूनं काल ती घरोघर जाऊन आल्याचं सांगितलं. इनाबासाहेबांचा चेहरा अवघडला. तो नकाशा खरं तर तुम्ही उघडायला नको होता, असं ते अतिशय हळू आवाजात म्हणाले. मग न राहवून त्यांनी विचारलं, "किती मिळाली?"

"एकही नाही. सगळे म्हणाले, आयकार्ड दाखव."

इनाबासाहेबांनी देव्हाऱ्यातल्या फोटोकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरले. तशातच त्यांना हसूही आलं. "मला ह्यांनीच तयार केलं," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबर फिरलो, तर संध्याकाळी मला म्हणाल्या, इनाबासान, तुम्ही फार मदत करता हो लोकांना. मला वाटलं, कौतुक आहे. पंधरा दिवसांनी कळलं, कानउघाडणी होती."

"ती पाकिटं खणात पडून आहेत," चिझुरू म्हणाली. "लोकांनी बसून भरली आहेत. आई येते म्हणाली होती. कुणीतरी जायला हवं. तुमचा माणूस जाणार असेल तर जाऊ दे, पण जायला हवं."

आमच्याकडे माणूस नाही, हे इनाबासाहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं. ह्या कामाला आता कुणी येत नाही, लोक दारही उघडत नाहीत, पुढच्या वर्षी बहुधा सगळं मोबाइलवरच विचारतील. मग त्यांनी खिशातली डायरी काढून पानं उलटली. शेवटी म्हणाले की सोमवारी तोयामाला प्रशिक्षण आहे. अर्धा दिवस. तुम्ही बसू शकाल का? तसं असेल तर महिन्यापुरतं ओळखपत्र काढता येईल. तुमच्या नावाचं, तुमच्या फोटोचं.

दुकानातून तिनं आणखी एक आठवडा रजा मागून घेतली. मालकीणबाई म्हणाल्या, दोन आठवडे घे. सोमवारी स्टेशनवरच्या फोटोच्या खोक्यात बसून तिनं फोटो काढला. त्यात ती आईसारखी अजिबात दिसत नव्हती. ती वडिलांवर गेली होती. प्रशिक्षणात इनाबासाहेबांनी फळ्यावर फार थोडं लिहिलं. प्रश्न आहे तसा वाचा. कळला नाही म्हणाले तर पुन्हा तसाच वाचा. अर्थ सांगू नका, उदाहरण देऊ नका, मान हलवू नका. उत्तर चुकीचं आहे असं तुम्हाला वाटेल, तेव्हा तर सगळ्यांत गप्प राहा.

पुढच्या गुरुवारी सकाळपासून समुद्राकडे ढग गडगडत होते. थंडीतला हा गडगडाट 'बुरी' नावाच्या माशांना घेऊन येतो म्हणून बंदरावरचे लोक खुशीत होते. चिझुरू पहिल्या दाराशी आली. घंटीकडे गेलेला हात तिनं मागे घेतला, कोट काढला, उलटा घडी केला, हातावर घेतला. वारा सरळ स्वेटरमधून आत आला. मग तिनं घंटी वाजवली.

सलूनवाल्या बाईनं ओळखपत्र गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून हात लांबवून उलटंसुलटं करून पाहिलं. "फोटो काही धड नाही गं तुझा, परत काढताना माझ्याकडे येऊन जा," असं म्हणत तिनं खणातून पाकीट काढून दिलं. जुळ्यांच्या आईनं पाकीट दिलं आणि परत उंबऱ्यात बसून थोडी बोलली. चिझुरू थांबली. एकेक करत सगळी पाकिटं पिशवीत आली. हामाया आजोबांचं घर तिनं शेवटी ठेवलं होतं.

दार ह्या वेळी एकदम उघडलं. आजोबांनी चष्मा लावला, ओळखपत्र हातात घेऊन दाराबाहेरच्या उजेडात धरलं. फोटो बघितला, तिला बघितलं, पुन्हा फोटो बघितला. मग त्यांची नजर तिच्या हातावरच्या घडी केलेल्या कोटावर गेली आणि तिथंच थांबली.

"आत ये," ते म्हणाले. "एक प्रश्न राहिलाय. मुद्दामच ठेवलाय."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाकीट उघडंच होतं. शेजारी भरतकामाच्या रुमालाखाली काहीतरी चौकोनी उभं करून ठेवलेलं. आजोबा आजही कोट-टायमध्ये होते, आणि टेबलावर पाण्याच्या वाटीत कंगवा बुडवून ठेवलेला होता. गॅसवर किटली तापत होती. त्यांनी कागदावर बोट ठेवलं. चिझुरूनं प्रश्न वाचला.

"तुम्ही घरी इंटरनेट किती वेळा वापरता?"

"इथंच अडलंय," आजोबा म्हणाले. "घडीचा मोबाइल आहे माझा, त्यावर फक्त फोन. त्यात काही नाही. पण हे बघ." त्यांनी रुमाल उचलला. खाली टॅब्लेट होता. "माझी बायको वरच्या वृद्धाश्रमात असते. थंडीत तिथं तापाची साथ नको म्हणून भेट बंद. नातीनं हे आणून ठेवलंय. रोज चार वाजता आपोआप घंटी वाजते, मी केस नीट करून इथं बसतो, आणि ती दिसते. मी एक बटण दाबायचं, बस. ती आता बोलत नाही. पण बघते. कधी कधी टायकडे बघते, तो तिनंच घेतलेला आहे." त्यांनी रुमालाची नीट घडी केली. "तर हे त्यात धरायचं का? होरिताबाई आल्या की विचारू म्हटलं होतं. त्यांनीही सांगितलं नसतंच म्हणा."

उत्तर चिझुरूच्या अगदी ओठांवर होतं. हो आजोबा, हेच ते, 'रोज' ह्या शब्दावर गोल करा. कानाझावातल्या दुकानात ती दिवसभर लोकांना हेच करत असे. ही काच घ्या, ही नको, तुम्हाला ह्यातून स्पष्ट दिसेल. दोन शब्द, आणि कागदावरचं उत्तर बरोबर झालं असतं.

तिनं मान हलवली नाही. "तुम्ही घरी इंटरनेट किती वेळा वापरता?" तिनं आहे तसा पुन्हा वाचला, आणि थांबली.

किटली हळूहळू आवाज करायला लागली. आजोबांनी कागदाकडे पाहिलं, मग काळ्या काचेकडे, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. चिझुरू गुडघ्यांवर कोट धरून बसली होती. तिला वाटलं होतं की हे थांबणं जड जाईल. पण ते तिच्या ओळखीचं निघालं. ती लहानपणापासून, असंच कुणीतरी समोर थांबलेलं असताना, विचार करत आली होती.

"नाही," शेवटी आजोबा म्हणाले. "मी काही वापरत नाही. मी बायकोला भेटायला जातो."

त्यांनी 'कधीच नाही' ह्या शब्दांभोवती सावकाश गोल काढला. गोल थोडा वाकडा आला म्हणून पुन्हा एकदा गिरवला. कागदाच्या घड्या घातल्या, पाकिटाच्या कडेला बोटानं पाणी लावून ते चिकटवलं, तळहातानं दाबलं, आणि उभं राहून दोन्ही हातांनी चिझुरूला दिलं. तिनं दोन्ही हातांनी घेतलं. कंपनीचं भेटीचं बॉलपेन तिनं दोन्ही हातांनी पुढं केलं. ते त्यांनी कपाळाला लावल्यासारखं वर उचललं आणि कोटाच्या वरच्या खिशात, टायशेजारी खोचलं.

"होरिताबाईंना सांग," ते म्हणाले. "मी पाकीट दुसऱ्या कुणाला दिलं नाही."

"सांगते," ती म्हणाली.

तेवढ्यात टॅब्लेटची घंटी वाजली. आजोबांनी किटलीखालचा गॅस बंद केला, वाटीतला कंगवा झटकून घाईनं केसांतून फिरवला. चिझुरू मागे न बघता बाहेरच्या खोलीत आली, बुटांत पाय घातले, दार ओढून घेतलं. दार पुरतं बसलं नव्हतं. आतून आजोबांचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा, जरा सणासुदीचा.

"आज होरिताबाईंची मुलगी आली होती बरं का. हो, तीच. आयकार्ड बघितलं मी. बरोबर आहे."

चिझुरूनं दार नीट ओढून घेतलं आणि बंद दाराकडे तोंड करून वाकून नमस्कार केला.

अंगणातून जाताना गारा पडायला लागल्या. बारीक, तांदळाच्या कणीसारख्या, छपरावर आणि फाटकावर ताडताड वाजत. फाटक ओलांडलं, आता कोट घालायला हरकत नव्हती. तिनं घडी उलगडली, क्षणभर तो तसाच हातात धरला. मग पिशवीतली सगळी पाकिटं एकत्र केली, त्यांच्याभोवती कोट नीट गुंडाळला, अस्तर आतल्या बाजूला राहील असा, आणि ते गाठोडं छातीशी धरून ती बसथांब्याकडे चालू लागली.